आम्ही थोडंच खेळतो!

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. आमच्या महिला मंडळाचा दुपारचा स्वाध्याय चालू होता. विषय सप्तव्यसनांचा. पाठशाळेतली पोरंसुद्धा ही यादी घडाघडा म्हणतात, आणि यादीत पहिलं नाव जुगाराचं. तेवढ्यात मंडळात नव्यानं यायला लागलेल्या एका सुनेनं विचारलं, "काकू, क्रिकेट बघणं यात येतं का हो? आमच्याकडे आयपीएलचे दोन महिने रोज संध्याकाळी तेच."

सगळ्या हसल्या. मंडळातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "बघण्यात कसलं आलंय पाप? आपण थोडंच खेळतो!" विषय तिथेच मिटला, प्रभावनेचे लाडू वाटले गेले आणि ज्या त्या आपापल्या घरी गेल्या.

मी मात्र गप्प होते. एरवी बोलायला मी मागे नसते, हे साऱ्यांना ठाऊक आहे. पण "आपण थोडंच खेळतो" हे वाक्य कुसळासारखं मनात रुतून बसलं. कारण आमच्या ओट्यावर एक मिक्सर आहे. त्याची गोष्ट पुढे सांगतेच. आधी क्रिकेटची सांगते.

माझं माहेर सांगलीचं. सांगलीला क्रिकेट परकं नाही. विजय हजारे जन्मले ते सांगलीत, १९१५ साली. भारतानं पहिलीवहिली कसोटी जिंकली ती १९५२ मध्ये मद्रासला, त्यांच्याच कप्तानीत. आमच्या आळीतली म्हातारी माणसं हे अशा थाटात सांगत, की वाटावं हजारे पलीकडच्याच बोळात राहत असावेत. पण आम्हाला क्रिकेट दिसत नसे, ते ऐकू येई. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की पुरुष मंडळी ओसरीवर जमत आणि आम्ही बायका आत. आई पोळ्या लाटता लाटता हाक मारून विचारायची, "गावसकर आहे का अजून?" बाहेरून उत्तर यायचं, "आहे" किंवा "गेला". 'आहे' आलं की आईचं लाटणं जरा हलकं फिरायचं. तिनं जन्मात कधी मैदान पाहिलं नव्हतं. गावसकर दिसतो कसा, हेही तिला वर्तमानपत्रातल्या फोटोवरूनच माहीत. तरी तो खेळतो आहे, एवढ्यावर तिला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यातून तिला काय मिळत होतं? काहीच नाही. हे 'काहीच नाही' लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

१९८३ च्या २५ जूनची रात्र मला स्पष्ट आठवते. आपला डाव १८३ धावांत आटोपला तेव्हा घरातले निम्मे लोक "संपलं आता" म्हणत अंथरुणावर पडले. वडील तेवढे ट्रान्झिस्टरला कान लावून बसून राहिले. वेस्ट इंडीज १४० वर गुंडाळले गेले आणि वडिलांनी सगळ्यांना उठवलं. त्या रात्री आईनं पहिल्यांदा ओसरीवर येऊन रेडिओ ऐकला. पुढे कळलं, की विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये दिले गेले. आज माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "आजी, काहीतरीच!"

पण मैत्रिणींनो, जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेली नाही. त्या सोन्याच्या काळात आम्ही आत होतो आणि रेडिओ बाहेर होता, हे मी विसरलेले नाही.

पुढच्याच वर्षी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले. आमचं घर लष्करात. शिंद्यांची छावणी पडली म्हणून या भागाचं नाव लष्कर. घरात मराठी, दुकानात हिंदी, देवळात दोन्ही. इथं आल्यावर रेडिओची भाषासुद्धा बदलली. बाळ पंडितांच्या जागी इंदूरचे सुशील दोशी आले. पण "काय झालं? आहे का गेला?" हा प्रश्न तोच राहिला.

ग्वाल्हेरनं मला एक गोष्ट शिकवली. इथल्या ज्या मैदानावर मोठमोठे सामने झाले, त्याचं नाव कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. नवी सून म्हणून मी भाबडेपणानं विचारलं होतं, "हे रूपसिंग फलंदाज की गोलंदाज?" सासरे हसले. म्हणाले, "अगं, ते हॉकीचे. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. ग्वाल्हेरच्या फौजेत कॅप्टन होते." १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेला २४–१ असं हरवलं, त्यातले १० गोल एकट्या रूपसिंगांचे. ते मैदानही मुळात हॉकीचंच. एके काळी ज्या नावावर लोक जीव टाकत, ते नाव आता पाटीवर उरलं आहे, आणि त्या पाटीखालून लोक क्रिकेट पाहायला आत जात. ही कुणाची फसवणूक नव्हे, लोकांचं मन असंच आहे. आज जे डोक्यावर घेतलं ते उद्या खाली ठेवतं. म्हणून कुणी म्हणालं की क्रिकेटची लोकप्रियता वाढली किंवा घटली, तर मला त्या चढउताराचं फारसं वाटत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. लोक जे प्रेम करतात, ते कसलं करतात?

१९९६ च्या २१ फेब्रुवारीला रूपसिंग स्टेडियमवर विश्वचषकातला भारत-वेस्ट इंडीज सामना होता, दिवसरात्रीचा. घरच्यांनी कशीबशी तिकिटं मिळवली आणि मीही गेले. मोठी पंचाईत जेवणाची. आमच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही, आणि सामना तर रात्रीपर्यंत चालणार. मग मी दशम्या, शेंगांची चटणी आणि केळी बांधून घेतली. ऊन उतरायला लागलं तसं गर्दीत मांडीवर डबा उघडून आम्ही घाईघाईनं जेवलो. शेजारी एक सरदारजी कुटुंब बसलं होतं. त्यांना नवल वाटलं. मी कारण सांगितलं, तर त्या बाईंनी आमच्याकडच्या दशम्या चाखल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली. "दिन डूबने से पहले पी लो बहनजी," म्हणाल्या. वेस्ट इंडीजनं १७३ केल्या. सचिन ७० धावांवर धावबाद झाला तेव्हा त्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. आपण पाच गडी राखून जिंकलो. घरी येईपर्यंत माझा घसा बसला होता. धावा कुणाच्या, गडी कुणाचे, हे आज विसरायला झालं आहे. तो धरलेला हात मात्र आठवतो.

त्याच स्पर्धेत तीन आठवड्यांनी कोलकात्याला उपांत्य सामना झाला. श्रीलंकेपुढे आपण कोसळलो. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली. सामना थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित करावं लागलं. विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर येताना सगळ्या देशानं पाहिला. ते प्रेक्षक माझ्यासारखेच असणार. त्यांच्यातल्याही कुणी कुणाचा तरी हात धरला असेल. मग तीच माणसं बाटली कशी फेकतात?

याचं उत्तर मला तीन वर्षांनी, ३१ जानेवारी १९९९ ला मिळालं. चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध कसोटी. सचिननं पाठदुखी सोसत १३६ केल्या, तो बाद झाला आणि आपण १२ धावांनी हरलो. आम्ही टीव्हीपुढे सुन्न बसलो होतो. आणि चेन्नईचं ते स्टेडियम उभं राहिलं. जिंकलेल्या पाकिस्तानी संघासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि तो संघ मैदानाला फेरी मारू लागला. सासरे तेव्हा थकले होते, बोलणं कमी झालं होतं. ते एवढंच म्हणाले, "याला प्रमोद म्हणतात."

मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावना आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली प्रमोद मला नेहमी सगळ्यात अवघड वाटत आली आहे. दुःखी माणसाविषयी करुणा येणं त्यामानानं सोपं. पण दुसऱ्याचा गुण पाहून, त्यातून आपल्याला काही मिळणार नाही, उलट आपलं काही जाणार आहे हे कळत असून, मनातून आनंद होणं ही सोपी गोष्ट नाही. दोन जावांच्या स्वयंपाकघरातसुद्धा ती सहज सापडत नाही, तर पन्नास हजारांच्या गर्दीत कुठून सापडावी? पण त्या दिवशी सापडली. प्रेम तेच, कोलकात्यात त्याची बाटली झाली आणि चेन्नईत टाळी. फरक एवढाच, की एका ठिकाणी लोकांना फक्त 'आपलं' हवं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी 'चांगलं' दिसलं.

आता मी स्वतः कुठं बसते ते सांगते. २४ फेब्रुवारी २०१० ला पुन्हा आमच्या रूपसिंग स्टेडियमवर सामना होता, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक सचिननं त्या दिवशी केलं. १४७ चेंडूंत नाबाद २००. गावात त्या दिवशी मिठाई कमी पडली. पण त्यातली एक गोष्ट आम्ही कुणी नंतर बोलून दाखवली नाही. शेवटची षटकं होती. सचिन १९९ वर, आणि समोर धोनी तुफान मारत होता. पन्नासाव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर धोनीनं षटकार मारला, आणि मी टीव्हीपुढे कपाळाला हात लावला, "अरे देवा, हा कशाला मारतोय!" आपल्याच माणसानं आपल्याच संघासाठी मारलेला षटकार, आणि मला त्याचं दुःख! पुढं धोनीनं एक धाव काढली, सचिननं एक धाव घेतली, दोनशे झाले आणि आम्ही नाचलो. रात्री सामायिकाला बसले तेव्हा हसू आलं. राग म्हणजे आसक्ती, आणि द्वेष तिच्या पाठीला चिकटूनच येतो, हे वाचलं होतं शंभर वेळा. पण माझा द्वेष धोनीच्या षटकारावर जाऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी आणखी एक गोष्ट वाचनात आली आणि मी चपापले. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं नव्हेच. डिसेंबर १९९७ मध्ये महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिनं डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या. आणि कुठं? मुंबईत! आपल्या देशात, आपल्या मराठी मुलखात, आमच्या ग्वाल्हेरच्या सामन्याच्या बारा वर्षं आधी. ते द्विशतक झालं तेव्हा मी काय करत होते? टीव्हीवर दुसरं काहीतरी बघत असेन. कुणी बघितलं नाही, म्हणून ते घडूनही न घडल्यासारखं राहिलं. 'आम्ही थोडंच खेळतो' म्हणणाऱ्या आम्ही बघणाऱ्या, पण आमच्या बघण्यात किती वजन असतं ते बघा. ज्यावर आमची नजर पडते ते मोठं होतं, आणि ज्यावर पडत नाही ते अंधारात राहतं.

आता मिक्सरची गोष्ट.

आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा घरात सगळ्यांना मौज वाटली. तीन तासांत सामना संपतो, बायकांनाही बघता येतो. पुढं मोबाइल आले आणि हळूहळू एक बदल झाला, जो माझ्या ध्यानात उशिरा आला. पूर्वी दहाजण एका पडद्याकडे बघत. आता दहाजण एका खोलीत बसून आपापल्या हातातल्या पडद्याकडे बघू लागले. धाकट्या दिरांचा मुलगा सामना चालू असताना मध्येच ओरडायचा. पण त्याचं ओरडणं खेळाशी जुळायचं नाही. आपला गडी बाद झाला तरी खूश, समोरच्यानं षटकार मारला तरी खूश. मी विचारलं, "अरे, तू आहेस तरी कुणाच्या बाजूनं?" तो हसून म्हणाला, "काकू, मी माझ्या टीमच्या बाजूनं." मग त्यानं समजावलं. मोबाइलवर आपली अकराजणांची टीम बनवायची, दोन्ही संघांतले खेळाडू घ्यायचे, पैसे लावायचे. त्यांनी खऱ्या सामन्यात जे केलं त्याचे गुण आपल्याला. गुण जास्त तर पैसे. "हा जुगार नाही काकू, यात डोकं लागतं," असंही म्हणाला.

२०२४ च्या मोसमात त्याला एका रात्रीत चांगली रक्कम लागली. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी मिक्सर घेऊन आला. माझा जुना जळाला होता, हे पोराच्या लक्षात होतं. माया आहे त्याची माझ्यावर. मी काय केलं? त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शहाणा माझा बाळ!" त्या आठवड्यात मंडळाच्या बायका घरी आल्या तेव्हा मिक्सर दाखवून सांगितलंसुद्धा, "आमच्या पोराच्या डोक्याची कमाई." आज जे लिहिते आहे ते याच वाक्यापायी.

पुढच्या वर्षी, आयपीएल संपता संपता, जाऊबाईंच्या कपाटातल्या दोन बांगड्या सापडेनात. कामवालीवर संशय घेतला गेला. त्या गरीब बाईनं देवाशपथ घेतली, रडली. तिसऱ्या दिवशी मुलानं स्वतःच कबूल केलं. बांगड्या सराफाकडे गहाण होत्या, आणि त्याशिवाय मित्रांकडून घेतलेले सत्तर-बहात्तर हजार देणं होतं. दीर दोन दिवस जेवले नाहीत. मुलगा माझ्या खोलीत येऊन बसला. रागावले नाही मी. रागवायला तोंड कुठं होतं? तो म्हणाला, "काकू, घरात फक्त तुम्हीच म्हणाला होता, शहाणा." तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तेवढंच आठवत होतं.

आपली जपमाळ १०८ मण्यांची का, ते आपण शिकलो आहोत. पाप मनानं, वाणीनं आणि कायेनं घडतं. ते ठरवलं जातं, त्याची तयारी होते, मग ते केलं जातं. क्रोध, मान, माया, लोभ असे चार कषाय. आणि तीन प्रकार: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसरा करत असताना त्याला दिलेलं अनुमोदन. या सगळ्यांचा गुणाकार १०८. वर्षानुवर्षं मणी ओढले मी, पण अनुमोदनेचा मणी बोटाखालून नुसता सरकून जायचा. वाटायचं, चोरी करणारा वेगळा, करवणारा वेगळा. आपण बघणारे, आपलं काय जातं? पण शास्त्रकारांनी तिघांना एकाच ओळीत बसवलं आहे. उगीच नाही बसवलं. कौरवांच्या सभेत फासे टाकणारे दोन-चारच होते. बाकी सभा बघतच होती ना? तेही थोडेच खेळत होते!

बघणाऱ्याच्या हातात एकच कृती असते: त्याची वाहवा. खेळाडूजवळ बॅट असते, पंचाजवळ बोट असतं, आपल्याजवळ टाळी. म्हणून तीच आपली जबाबदारी. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. व्यवस्था कुणाची चुकली ते चौकशा ठरवतील. पण त्या रात्री टीव्हीपुढे बसून मला हेच वाटत होतं, की एका संघाच्या जिंकण्याला आपण जगण्यामरण्याइतकं मोठं केलं, ते एकेका घरातून एकेका टाळीनंच ना?

माझ्या आईच्या 'काहीच नाही'कडे आता येते. आई गावसकर 'आहे' एवढ्यावर खूश व्हायची आणि तिला त्यातून काही मिळत नव्हतं, म्हणूनच ती खेळ बघत होती. आमच्या पोराला त्यातून काहीतरी मिळणार होतं, आणि त्या क्षणापासून त्याला खेळ दिसेनासा झाला. चांगला चेंडू, सुंदर फटका, दमलेल्या गोलंदाजाची जिद्द, यांतलं काही उरलं नाही, उरले फक्त गुण. लोभ शिरला की आधी डोळे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेनं केला. चांगलं झालं. पण कायदा मोबाइलमधलं दुकान बंद करील. "शहाणा माझा बाळ" म्हणणारी जीभ कुठला कायदा आवरणार? ती माझी मलाच आवरायला हवी.

मिक्सर मी टाकला नाही. टाकून मोकळं होणं सोपं होतं. त्याची जी किंमत होती, ती माझ्या साठवणीतून काढून बांगड्या सोडवायला दिली, आणि ज्या कामवालीवर आम्ही संशय घेतला तिच्या घरी जाऊन मी आणि जाऊबाईंनी हात जोडले. मिक्सर ओट्यावरच आहे. रोज चटणी वाटताना त्याचा आवाज होतो, तेवढा मला पुरे.

आणि आता शेवटची गोष्ट, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरातली.

२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. खरं सांगायचं तर २००५ मध्ये आपल्या मुली पहिल्यांदा अंतिम फेरीत गेल्या होत्या, तेव्हा आमच्या घरात कुणाला पत्ताही नव्हता. त्या पिढीच्या मुली विनाआरक्षण डब्यातून प्रवास करून सामने खेळायला जात, हे आता त्या सांगतात तेव्हा कळतं. या वेळी मात्र घर भरलेलं होतं. त्यात स्मृती मानधना आमच्या सांगलीत वाढलेली, म्हणून माझा भाव वधारलेला! मध्य प्रदेशची म्हणून छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची क्रांती गौड. आमच्या इकडच्या मंडळींना तिचं कोण कौतुक. पाऊस पडल्यामुळे सामना उशिरा सुरू झाला. जेवणं आधीच उरकली होती, त्यामुळे ओट्याकडे जायचं कारण नव्हतं. सगळ्या बायका पुढच्या खोलीत, सोफ्यावर. मागं स्वयंपाकघराचा दिवा बंद. आई असती तर म्हणाले असते, बघ, आज तू ओसरीवर.

शेफालीनं ८७ केल्या, दीप्तीनं अर्धशतक केलं आणि पुढं पाच बळीही घेतले. पण मध्ये बराच वेळ आपला जीव टांगणीला लागला होता. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्वार्ट एका बाजूनं नांगर टाकून उभी होती. जोडीदार गळत होत्या, ही हलत नव्हती. तिचं शतक झालं तेव्हा खोलीत शांतता पसरली. आणि त्या शांततेत टाळ्यांचा आवाज आला. माझी नऊ वर्षांची नात टाळ्या वाजवत होती. कुणीतरी दटावलं, "अगं वेडे, ती समोरची आहे!" ती गोंधळून म्हणाली, "पण किती छान खेळली ना?"

मागं दाराशी दिरांचा मुलगा उभा होता. बांगड्यांच्या प्रकारानंतर तो सामना बघायला बसत नव्हता. हात रिकामे होते त्याचे. त्यानंही दोन टाळ्या वाजवल्या, हळूच, आणि मग येऊन नातीशेजारी खाली बसला. आपण ५२ धावांनी जिंकलो, मध्यरात्री फटाके वाजले, सगळे नाचले. मीही नाचले. ते लपवत नाही. 'आपलं' मला अजून फार आवडतं. वीतराग व्हायला पुष्कळ जन्म जायचे आहेत. पण त्या एका मिनिटात नऊ वर्षांच्या पोरीनं मला दाखवलं, की 'आपलं' आणि 'चांगलं' दोन्हीला एका मनात जागा होऊ शकते.

पुढच्या आठवड्यात मंडळ भरलं तेव्हा मी मिक्सरची गोष्ट सगळ्यांना सांगितली. जिथं फुशारकी मारली होती तिथंच सांगितली. बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या नव्या सुनेनं विचारलं, "मग काकू, बघायचं की नाही?"

मी म्हटलं, "बघायचं. मनसोक्त बघायचं. फक्त टाळी वाजवायच्या आधी एकदा आपल्या हातांकडे बघायचं. आपण कशाला 'छान' म्हणतोय? खेळाला, की जिंकलेल्या पैशाला? कुणाच्या गुणाला, की कुणाच्या पडण्याला? आणि ज्यांच्यासाठी कुणीच टाळी वाजवत नाही, तिकडे आपली नजर गेली का? एवढं केलं तरी पुष्कळ."

"आपण थोडंच खेळतो" म्हणणाऱ्या त्या वडीलधाऱ्या बाई इतका वेळ माळ हातात धरून ऐकत होत्या. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"का गं, त्या आफ्रिकेच्या पोरीचे किती झाले होते शेवटी?"

"एकशे एक."

"शंभर झाले ना? मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुढचा मणी ओढला.